पालकांचा हक्क कुणासमोर?

“आमच्या मुलाचं काय करायचं ते आम्ही बघू.” हे वाक्य मी मुंबईत दोन अगदी वेगळ्या ठिकाणी ऐकलं आहे. गोवर-रुबेलाचा डोस द्यायला आलेल्या आरोग्यसेविकेला उंबरठ्यावरूनच परत पाठवणाऱ्या एका बापाकडून, आणि फीवाढीविरुद्ध शाळेच्या गेटवर उभ्या राहिलेल्या एका आईकडून. शब्द तेच होते. तरीही त्या आईच्या बाजूने मी उभी राहीन आणि त्या बापाच्या बाजूने राहणार नाही. आईचं भांडण शाळेशी होतं. बापाला वाटत होतं की आपण सरकारशी भांडतोय, पण त्याची झळ त्याच्या मागे उभ्या असलेल्या दीड वर्षांच्या पोराला बसणार होती.

पालकांच्या हक्कांविषयी अलीकडे बरंच बोललं जातं आणि त्यातलं पुष्कळसं परदेशातल्या वादांमधून आलेलं असतं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२५ मध्ये पियर्स खटल्यात मूल ही काही सरकारची निर्मिती नव्हे असं म्हटलं, ते आवर्जून सांगितलं जातं. त्याच न्यायालयाने १९४४ मध्ये प्रिन्स खटल्यात पालकांच्या श्रद्धेपायी मुलांचा बळी जाऊ देता येणार नाही असंही म्हटलं, ते मात्र मागे राहतं. आपल्याला एवढ्या लांब जायचं कारणही नाही. आईबापांचा हक्क मुलाच्या वतीने असतो, मुलावर नसतो, एवढं धरून चाललं तर बराचसा गुंता सुटतो. शाळा, दवाखाना, महापालिका, शिक्षण खातं यांच्यासमोर तो हक्क जितका भक्कम तितकं मुलाचं भलं. मुलाच्या जिवापुढे, शिक्षणापुढे आणि वय वाढेल तसं त्याच्या मतापुढे मात्र त्याने मागे सरायला हवं. आपल्या शहरात नेमकं उलट झालं आहे. जिथे आईबापांनी जाब विचारायचा तिथे त्यांना कुणी उभं करत नाही, आणि जिथे मुलाचं नुकसान होतं तिथे त्यांचा शब्द शेवटचा धरला जातो.

महाराष्ट्रात तरी ही गोष्ट नवी नसावी. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे किमान बारा वर्षांपर्यंतचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा अशी मागणी केली. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात ते सक्तीचं केलं आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. त्या काळी कष्टकऱ्याच्या घरी रुपया ही मोठी रक्कम होती. पालकांना त्रास द्यावा म्हणून महाराजांनी तसं केलं नव्हतं. पोर गुरं राखायला लागलं तर घराला चार पैशांचा आधार होतो पण पोराचं आयुष्य तिथेच थांबतं, आणि त्या दोन्हींत निवड करायची वेळ आली तर कुणीतरी पोराच्या बाजूने बोलायला हवं, हे त्यांना कळत होतं. २००२ च्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने हाच विचार राज्यघटनेत आणला. कलम २१ क ने सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शिक्षणाचा हक्क दिला आणि कलम ५१ क मध्ये आईबापांचं कर्तव्य म्हणून त्याची जोड दिली. हक्क मुलाचा आणि कर्तव्य आईबापांचं, अशी ती वाटणी आहे.

आता गोवंडीकडे या. २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिथल्या वस्त्यांमध्ये गोवराची साथ पसरली आणि लहान मुलं दगावली. ज्या आजाराची लस आरोग्य केंद्रात फुकट मिळते, त्या आजाराने. पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत. गोवर इतका वेगाने पसरतो की वस्तीतल्या शंभरातल्या पंच्याण्णव मुलांना लस मिळाली तरच साखळी तुटते. त्या वेळी सगळा दोष आईबापांच्या अडाणीपणावर टाकून अनेक जण मोकळे झाले. मला ते पटलं नाही. करोनाच्या दोन वर्षांत नेहमीचं लसीकरण मागे पडलं होतं. गावाकडे गेलेली कुटुंबं परतली, पण यादीत त्यांची नावं नव्हती. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईला डोससाठी दिवस मोडावा लागतो, आणि डोसनंतर पोर तापलं की दुसरा दिवसही जातो. हा ताप येऊ शकतो, तो एक-दोन दिवसांत उतरेल, तोवर काय करायचं आणि कशाला घाबरायचं, हे तिला कुणी आधी सांगितलेलं नसतं. मग शेजारीण सांगते ते खरं ठरतं.

ज्या कस्तुरबा रुग्णालयात त्या साथीतली मुलं दाखल झाली, तेच पूर्वीचं आर्थर रोडचं साथरोग रुग्णालय. प्लेगच्या साथीत, ऑक्टोबर १८९६ मध्ये, गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने त्यावर हल्ला केला होता. घरातून माणूस सक्तीने उचलायचा, रुग्णालयात न्यायचा आणि नातेवाइकांना काही सांगायचं नाही, याचा तो परिणाम होता. आत नेलेला माणूस परत येत नाही, ही भीती चाळीचाळीत पसरली होती. पुढच्याच जानेवारीत शास्त्रज्ञ हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजच्या आवारात तयार केलेली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. या शहराच्या सार्वजनिक आरोग्याचा इतिहास मी वाचला तेव्हा ही जोडी मनात राहिली. सक्ती आणि मौन एकत्र आले की माणसं दगड उचलतात, आणि सांगणारा माणूस स्वतः पुढे झाला की बाही वर करायला तयार होतात.

म्हणून लसीच्या बाबतीत पालकांचा नकार मी शेवटचा मानत नाही, पण त्यांचा प्रश्न मात्र पूर्ण ऐकला पाहिजे असं मानते. दिल्लीतल्या शाळांमध्ये गोवर-रुबेलाची मोहीम सुरू होणार होती, तेव्हा जानेवारी २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने पालकांच्या संमतीशिवाय ती राबवता येणार नाही असं सांगितलं आणि लसीचे संभाव्य दुष्परिणामही पालकांना कळवायला सांगितलं. संमती मागत बसलो तर मोहीम फसेल, असं सरकारी बाजूचं म्हणणं होतं. मला तो निकाल लसीच्या विरोधातला वाटत नाही. ज्या आईला ताप येऊ शकतो हे आधी सांगितलं जातं ती दुसऱ्या डोसला परत येते. तरीही एखादा बाप कुठल्याही कारणाशिवाय नाहीच म्हणाला, तर आरोग्य खात्याने एक फुली मारून पुढच्या घरी जाऊ नये. पुन्हा जावं, डॉक्टरला घेऊन जावं, मशिदीतल्या मौलानांना, मंडळाच्या कार्यकर्त्याला घेऊन जावं. गोवंडीत शेवटी धर्मगुरूंनी आवाहन केलं तेव्हा दारं उघडली. साथ पसरायच्या आधी हे का होऊ नये?

रुग्णालयातली संमती हा तर वेगळाच प्रकार आहे. सार्वजनिक रुग्णालयातल्या मुलांच्या वॉर्डात सकाळी उभं राहून पाहा. मुलाला ऑपरेशनला न्यायचं असतं. आईच्या हातात केस पेपरसोबत एक छापील फॉर्म येतो, बहुतेक वेळा इंग्रजीत. निवासी डॉक्टर रात्रभर जागलेला असतो, पेनाने जागा दाखवतो: इथे, इथे आणि इथे. आई विचारते, “काय करणारेत?” उत्तर येतं, “छोटं ऑपरेशन आहे, काळजी करू नका.” ती सही करते किंवा अंगठा देते. मग कुणीतरी विचारतं, वडील कुठे आहेत, त्यांचीही सही लागेल. त्या डॉक्टरला मी दोष देत नाही. त्याच्या मागे रांग असते. पण कायद्याच्या नजरेत हे पुरेसं नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात स्पष्ट केलं की उपचार काय आहे, त्यात धोका काय, दुसरा पर्याय कोणता आणि उपचार घेतलाच नाही तर काय होईल, हे समजून दिलेली संमतीच खरी. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमावलीनुसार मागितल्यावर ७२ तासांच्या आत उपचाराची कागदपत्रं द्यावी लागतात. किती आईबापांना हे ठाऊक आहे? पालकांच्या हक्कांची लढाई लढायची तर ती या वॉर्डातून सुरू व्हायला हवी. मराठी, हिंदी, उर्दू फॉर्म आणि पाच मिनिटं समजावून सांगणारा समुपदेशक, एवढ्याने सुरुवात होऊ शकते.

“वडिलांना घेऊन या” या वाक्याचंही काहीतरी केलं पाहिजे. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायद्यात नैसर्गिक पालक म्हणून आधी वडील आणि त्यांच्या पश्चात आई असा क्रम आहे. गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावे रोखे घेण्यासाठी केलेला अर्ज वडिलांच्या सहीसाठी रिझर्व्ह बँकेने अडवला, ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९९९ च्या निकालात न्यायालयाने म्हटलं की वडील जिवंत असले तरी मुलाकडे लक्ष देत नसतील तर आई पालक म्हणून निर्णय घेऊ शकते. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदांवर वडिलांच्या आधी आईचं नाव लिहिण्याचा नियमही महाराष्ट्रात आला. कागदावर आई पुढे आली, खिडकीवर अजून आलेली नाही. नवरा सोडून गेलेल्या बाईला मुलाच्या दाखल्यासाठी त्याच नवऱ्याचा शोध घ्यायला लावणारी शाळा किंवा दवाखाना मुलाचं कसलं हित पाहतो, ते मला आजवर समजलेलं नाही.

शाळेचा विषय काढला तर कायद्याने आईबापांना बरंच काही दिलं आहे. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २१ नुसार सरकारी, पालिकेच्या आणि अनुदानित शाळांमध्ये शाळा व्यवस्थापन समिती हवी, तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि निम्म्या महिला हव्यात. समितीने शाळेच्या विकासाचा आराखडा करायचा, पैशांवर लक्ष ठेवायचं. माझी मुलगी पालिकेच्या शाळेत होती तेव्हा मी अशा एका समितीवर होते. बैठक कामाच्या दिवशी सकाळी अकराला. घरकाम करणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या, भाजी विकणाऱ्या बायका त्या वेळी कशा येणार? ज्या येत त्यांच्यासमोर रजिस्टर फिरायचं. ठराव आधीच लिहिलेले असायचे, आम्ही खाली सह्या करायच्या. मुख्याध्यापिका बाई कष्टाळू होत्या, त्यांनाही वरून आलेली माहिती वेळेत भरून द्यायची होती. एकदा मागच्या बाकावरच्या एका आईने विचारलं, “बाई, मुलींच्या संडासाला कडी कधी लागणार?” तो प्रश्न ठरावात नव्हता. पण त्या बैठकीतलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य तेच होतं, आणि पुढच्या महिन्यात कडी लागली. आईबापांचा हक्क म्हणजे काय, हे मला त्या दिवशी दिसलं. बैठक संध्याकाळी सातला ठेवली असती तर अशा किती कड्या लागल्या असत्या.

खासगी विनाअनुदानित शाळांना ही समिती बंधनकारक नाही. तिथे २०११ चा महाराष्ट्राचा शुल्क विनियमन कायदा आहे. पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती चिठ्ठ्या टाकून निवडायची आणि फी तिच्या संमतीने ठरवायची, ही कल्पना खरोखर चांगली होती, कारण चिठ्ठीत कुणाची वशिलेबाजी चालत नाही. पण पुढच्या दुरुस्तीने फीविरुद्ध दाद मागायची तर किमान २५ टक्के पालकांनी एकत्र यावं अशी अट आली. हजार मुलांच्या शाळेत अडीचशे घरं गोळा करायची! मुलाला वर्गात त्रास होईल, निकाल अडवतील, या धास्तीने दहा घरं जमवताना दमछाक होते. शाळा सोडल्याचा दाखला तर हमखास अडवला जातो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ प्रमाणे दुसऱ्या शाळेत जाणाऱ्या मुलाला तो लगेच द्यावा लागतो आणि उशीर झाला म्हणून नवी शाळा त्याला दारातून परत पाठवू शकत नाही. हे कलम प्रत्येक शाळेच्या ऑफिसबाहेर मोठ्या अक्षरात लावायला हवं.

पालक एकत्र आले की काय होतं, तेही मुंबईने पाहिलं आहे. सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळेने २५ टक्के राखीव जागा देण्याची गरज नाही, अशी अधिसूचना राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये काढली. मुंबईसारख्या दाटीच्या शहरात त्याचा अर्थ एकच होता, गरीब घरातल्या मुलांना त्या शाळांची दारं बंद. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी आणण्याचा एप्रिल २०२५ चा निर्णयही विरोध वाढल्यावर जूनअखेर मागे घ्यावा लागला. कोणत्या माध्यमात शिकायचं याची निवड पालक आणि मुलाची आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने कर्नाटकच्या प्रकरणात २०१४ मध्येच सांगितलं होतं. मराठी शाळा ओस पडताना पाहून माझ्या पोटात तुटतं, तरीही मला ते तत्त्व मान्य आहे. मराठी शाळा टिकवायच्या त्या चांगल्या करून. आईबापांचे हात बांधून त्या टिकणार नाहीत.

इथवर मी पालकांच्या बाजूने बोलले. आता जिथे त्यांनी मागे सरायला हवं तिथे येते.

अध्ययन अक्षमतेचं उदाहरण घ्या. चौथीतला मुलगा तोंडी सगळं सांगतो, पण लिहायला बसला की अक्षरं उलटी पडतात. शिक्षिका शीव रुग्णालयात तपासणी करून घ्या म्हणते. अशा मुलांना परीक्षेत सवलती देण्याच्या बाबतीत महाराष्ट्र देशात आघाडीवर होता, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानेही या अडचणीची नोंद घेतली. तरीही किती वडील म्हणतात, “आमच्या घराण्यात कुणाला असलं काही नाही. शिक्का बसेल.” मग चार वर्षं क्लास, मार, टोमणे. दहावीला जादा वेळ मिळाला असता, लेखनिक मिळाला असता, तो मुलगा तोवर स्वतःला ढ मानायला शिकलेला असतो. प्रेमापोटीच हे होतं, हे मला कळतं. पण तपासणीला नाही म्हणण्याचा अधिकार इतका पूर्ण असू नये. दोन वर्षं शिक्षक तेच सांगत असतील तर शाळेला आणि पालिकेच्या डॉक्टरांना पालकांसोबत बसून मार्ग काढणं भाग पाडणारी काहीतरी रीत हवी.

आणि आठवी. पालिकेच्या बहुतेक शाळा सातवी-आठवीला संपतात, शिक्षणाचा कायदेशीर हक्क चौदाव्या वर्षी संपतो. त्या एका उन्हाळ्यात मुंबईतल्या वस्त्यांमधल्या कितीतरी मुली शाळेतून गळतात. नववीची शाळा लांब आहे, बस बदलावी लागते, मोठी झाली, धाकट्या भावंडांना कोण बघणार, मामाने स्थळ आणलंय. मुलगा असला तर काकाच्या वर्कशॉपमध्ये. २०१६ च्या बालमजुरी कायद्यातील दुरुस्तीने शाळेच्या वेळेबाहेर कुटुंबाच्या धंद्यात मदत करायची मुभा चौदाखालच्या मुलांनाही दिली, त्यामुळे ही वाट आधीपासूनच मळलेली असते. आठवीपर्यंत मूल शाळेत आलं नाही तर शिक्षिका घरी जाते, नोंद होते, वरून विचारणा होते. नववीला न आलेल्या मुलीच्या घरी कुणीच जात नाही. मुलीला तिथे पालकांच्या इच्छेखेरीज कुठलाच आधार उरत नाही, आणि तिच्या स्वतःच्या इच्छेची नोंद ठेवणारा एकही कागद या शहरात नाही.

मुलाच्या मताचं आपल्याला नेहमीच वावडं राहिलं आहे. भारताने १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार स्वीकारला. त्याचं बारावं कलम सांगतं की मुलाशी संबंधित निर्णयात त्याचं म्हणणं वयानुसार आणि समजेनुसार विचारात घ्यावं. आपल्या फौजदारी कायद्यात बारा वर्षं ही संमतीच्या समजेची एक रेषा आहे, तरी दवाखान्यात अठरा पुरी होईपर्यंत मुलाला कुणी काही विचारत नाही. पंधरा वर्षांची मुलगी डॉक्टरसमोर बसलेली असते आणि तिच्या पाळीबद्दल, झोपेबद्दल, रडण्याबद्दल सगळी उत्तरं आई देते. अठराखालच्या मुलीच्या गर्भपाताला पालकाची लेखी संमती लागते, आणि मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्याप्रमाणे डॉक्टरला पोलिसांना कळवावं लागतं. या दोन्हींच्या भीतीने मुली भोंदूंकडे जात होत्या. मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केली तर डॉक्टरने पोलिसांना तिची ओळख सांगायची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये म्हटलं, तेव्हा निदान एक दार किलकिलं झालं. पण ज्या मुलीला घरच्यांचीच भीती आहे तिचं काय, हा प्रश्न तसाच उरतो. तिच्यासाठी बाल कल्याण समिती आहे, १०९८ आहे. १९९६ मध्ये ती हेल्पलाइन मुंबईतच सुरू झाली. तो आकडा प्रत्येक वर्गात फळ्याशेजारी रंगवलेला असावा आणि तो लावल्याबद्दल मुलाला घरी किंवा शाळेत कुणी रागावू नये, इतकं तरी आपल्याला करता येईल.

यातल्या अनेक गोष्टींना पैसा लागत नाही. बैठका संध्याकाळी, फॉर्म मराठीत, एकट्या आईची सही पुरेशी, कलम ५ भिंतीवर, हे पालिका आयुक्त आणि शिक्षणाधिकारी परिपत्रकाने करू शकतात. फीच्या तक्रारीची २५ टक्क्यांची अट विधिमंडळाने काढावी आणि एका पालकाचीही तक्रार घ्यावी. चौदा ते अठरा हा मोठा विषय आहे, पण १९७६ पासून शिक्षण समवर्ती सूचीत आहे, म्हणजे त्यावर केंद्र आणि राज्य दोघंही कायदे करू शकतात, त्यामुळे दिल्लीकडे बघत बसायचं कारण महाराष्ट्राला नाही. राज्याने शिक्षणाचा हक्क बारावीपर्यंत नेणारा स्वतःचा कायदा करावा, मुंबई महापालिकेने आपल्या आठवीच्या शाळांना नववी-दहावीचे वर्ग जोडावेत, आणि तोवर दर जूनमध्ये आठवी पास झालेल्या प्रत्येक मुलीचं नाव घेऊन कुणीतरी तिच्या घरी जावं आणि आईबापांच्या देखत तिलाच विचारावं की तुला पुढे शिकायचंय का.